विद्याधर परबाचं बंद दाराआडचं बीपी

"बीपी म्हणजे काय वाघ आहे? बसवतो खाली!" विद्याधर परबानं डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं. सांगणारच! शिमग्याला गावी जायचं होतं. वडील गेल्यावर देवाच्या पालखीला खांदा द्यायचा मान यंदा पहिल्यांदाच त्याच्याकडे आला होता.

डॉक्टर म्हणाले, "घरी रोज मोजा. आधी थोडा वेळ गप्प, शांत बसायचं. आटोक्यात दिसलं तर जा. नाहीतर पालखी लांबूनच बघा."

मेव्हण्यानं दुबईहून पाऱ्याचं मशीन आणलं होतंच. ते लावायला बायकोला, सुगंधाला, शेजारच्या नर्स कार्मेननं शिकवलं. दंडाला पट्टा बांधायचा, कानात नळ्या घालायच्या, फुगा दाबायचा आणि हवा सोडत ठोके ऐकायचे. पहिला ठोका तो वरचा आकडा, ठोके थांबले की खालचा. झकास! राहिली फक्त शांतता. म्हणून विद्याधरनं दार लावलं.

आता भांडुपच्या त्या चाळीत दिवसाढवळ्या दार लावतं का कोणी? दार लागतं ते नवरा-बायकोचं जुंपल्यावर, नाहीतर घरात काहीतरी वाईट झाल्यावर.

"सुगंधा! हात उगारला का गं त्यानं?" मालनवहिनी दार बडवायला लागल्या.

"नाही हो वहिनी, बीपी बघतेय!"

"मग दार उघडं टाकून बघ ना!"

वरचा आकडा एकशे सत्तर! दुसऱ्या दिवशी दाराशी अर्धी चाळ जमली. "अरे, मला शांत बसू द्या रे!" विद्याधर किंचाळला आणि पारा आणखी वर गेला. कंटाळला बिचारा. दिवसभर कारखान्यातलं मशीन, घरी आलं की हे! तिसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, कोणी कितीही हाका मारू दे, ओ द्यायची नाही.

तिथेच वाट लागली. समोरचा धोंडूमामा स्टुलावर चढून दारावरच्या झरोक्यातून डोकावला. विद्याधर खुर्चीत डोळे मिटून, हात सैल सोडून बसलेला. सुगंधा कानात नळ्या घालून, रडवेल्या तोंडानं ठोके शोधतेय. मामा स्टुलावरून उतरला तो थेट पोस्टाकडे धावला.

शेवटी कार्मेननंच गॅलरीत उभं राहून सगळ्यांना झापलं. "मारायचाय काय त्याला? गप बसा जरा!" मग चाळ अशी गप्प झाली की कुकरची शिट्टीसुद्धा कोणी वाजू देईना. एकशे तीस, खाली ऐंशी! पुढचे दिवसही तसंच. डॉक्टर म्हणाले, "जा." विद्याधरच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यानं घरी येऊन लगेच बॅग भरली.

तेवढ्यात दारात गावचा धाकटा भाऊ काशीराम उभा. विद्याधरला बघून त्यानं गळ्यात पडून हंबरडाच फोडला.

"दादा, जितो आसस रे!"

"मला काय झालंय?"

"धोंडूमामाची तार इली, तू सिरीयस म्हणान. अख्खो गाव देवळात जमलो. देवाक कौल लावलो. देवान सांगल्यान, विद्याधर वाचतलो, पण ह्या वर्षी त्याच्या खांद्यार पालखी नको."

"अरे, पण डॉक्टर हो म्हणाले!"

"डॉक्टराचा काय घेऊन बसलस? देव नाय म्हणता."

विद्याधर मटकन बॅगेवरच बसला. दाराशी उभ्या धोंडूमामाला अचानक गॅसवरचं दूध आठवलं. सुगंधा घाईघाईनं पट्टा घेऊन आली.

"अहो, बघू का?"

"राहू दे," विद्याधर दमून म्हणाला. "नळ्या न घालताच ऐकू येतायत ठोके."