'मायामंदार'चा आठवा भाग कुणी पळवला?

"हिंदुस्थानच्या पूर्वेला माझ्या तोडीचा शोधक मेंदू नाही, आणि पश्चिमेला आहे हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही," असं विनायकराव घैसास स्वतःबद्दल सांगत. कुणी विचारलेलं नसताना सांगत. खिदिरपूरच्या गोदीत गहाळ खोकी शोधणाऱ्या खात्यात ते हेडक्लार्क होते. एकवीस वर्षांत त्यांनी शोधलेली बहुतेक खोकी आपापल्या जागीच निघाली होती. पण जागेवरची वस्तू ओळखायलाही नजर लागते, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा साहाय्यक म्हणजे मेहुणा मनोहर. शाळेत गणित शिकवायचा, बालीगंजला बहिणीच्या घरी राहायचा आणि त्या उपकाराखाली दाजींचे तर्क ऐकायचा.

या वेळचं प्रकरण 'प्रवासी मराठी वाचनालया'त घडलं. ऑडिट खात्यातले दिगंबरपंत नागपूरहून बदलून आले आणि आल्या आल्या त्यांनी पुस्तकांची यादी आणि कपाट ताडून पाहिलं. अशा माणसांना सुखानं बसवत नाही. यादीत 'मायामंदार' या अद्भुत कादंबरीचे आठ भाग होते, कपाटात सात.

"आठवा भाग मी कधी पाहिलेलाच नाही," ग्रंथपाल सरलाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जो आठवा भाग अख्ख्या मंडळानं वाचला होता, तो कपाट सांभाळणाऱ्या बाईनं पाहिला नव्हता म्हणे! ठरलं : पंधरा दिवसांनी सभा, तोवर पुस्तक मिळालं नाही तर किल्ल्या काढून घ्यायच्या. सरलाबाईंना पगार नव्हता, मानही बेताचाच होता. पण नवरा गेल्यापासून आठवड्यातल्या तीन दुपारी ते कपाट त्यांचं असे. घराबाहेर हक्काची तेवढीच जागा. ती काढून घ्यायला हात वर करणाऱ्यांत निम्मे लोक त्यांच्या हातचा चहा पीत होते.

मनोहरला रात्रभर झोप आली नाही. कारण आठवा भाग त्यानं वाचलाच नव्हता. सातव्याच्या शेवटी राजकन्या मेघावली दगड होते आणि राजपुत्र अरिंजय समुद्रात उडी टाकतो. पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. पण मंडळात चर्चा निघाली तेव्हा त्यानंही मान डोलावून, "भाषा जरा पातळ झालीय," असं मत ठोकून दिलं होतं. एवढ्या वाचत्या माणसांत आपण एकटेच खोटारडे, ही बोच त्याला चार वर्षं लागून होती.

"त्या पुण्याच्या प्रकाशकाला विचारलंत का?" मनोहरच्या बहिणीनं, प्रेमलतानं, नवऱ्याला विचारलं.

"गुन्हेगारांना आधी सावध करायचं नसतं!" विनायकराव कडाडले. "तू आमटी बघ. मनोहर, वही घे."

पहिली जबानी बँकेतल्या शरच्चंद्रांची. ते गॅलरीत आरामखुर्चीत पसरले होते.

"आठवा? शेवट फसलाय, विनायकराव. सात भाग राक्षसांशी लढवलं आणि शेवटी काय, तर लग्न! अहो, लग्नच लावायचं होतं तर पहिल्या भागात लावायचं. राक्षस तरी वाचले असते."

दुसरी कालिंदीबाईंची. त्या चकल्या तळत होत्या.

"लग्न? कसलं लग्न? ती मेली दगडच राहते हो शेवटपर्यंत! मी दोन दिवस जेवले नाही. ह्यांना विचारा."

आतून 'ह्यां'चा आवाज आला, "असेल असेल!"

तिसरी खुद्द दिगंबरपंतांची. "मी नागपूरलाच वाचला. राक्षस हाच राजपुत्राचा बाप निघतो. हे मी दुसऱ्याच भागात ओळखलं होतं. मुळात जादूबिदू हे पोरकट वाङ्मय. मी वाचतो ते केवळ चुका काढायला."

"आठही भाग?" मनोहरनं विचारलं.

"चुका फार आहेत."

रस्त्यावर आल्यावर विनायकरावांचे डोळे चमकले. "मनोहर, तीन साक्षीदार, तीन शेवट. निष्कर्ष?"

"दाजी, मला वाटतं, कदाचित यातल्या कुणी..."

"बरोबर! आठवे भाग तीन आहेत! एक खरा, दोन बनावट. बनावट कादंबऱ्या छापणारी टोळी! माल बोटीनं खिदिरपुरात येतो, तिथून हावड्याला, तिथून रेल्वेनं देशभर. आणि माझ्या नाकाखालून!"

"पण दाजी, मराठी कादंबरी बोटीनं कुठून येणार?"

"तेच तर त्यांचं कौशल्य."

मनोहरनं वहीत 'कौशल्य' असं लिहिलं. बोलायचं होतं ते गिळलं. जरा घसा खाकरून, "मी वाचलेला नाही," म्हणायला काय झालं होतं? पण शिकलेल्या माणसाला चोर ठरणं परवडतं, पुस्तक न वाचलेला ठरणं परवडत नाही.

सभेच्या रविवारी कधी नव्हे ते सगळे वेळेवर आले. विनायकरावांनी टोळीचा वृत्तांत पाऊण तास सांगितला आणि शेवटी बोट उगारलं.

"या टोळीची सूत्रं कुणाच्या हाती? जी व्यक्ती आठवा भाग पाहिल्याचं कबूलच करत नाही, तिच्या! निष्पाप माणूस 'पाहिला' म्हणतो. आपण सगळे म्हणालो. नाही म्हणाल्या त्या फक्त सरलाबाई!"

टाळ्या पडल्या. सरलाबाईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला. तो आवाज मनोहरला सोसवला नाही. तो ताडकन उठला.

"मीही वाचलेला नाही! भाषा पातळ म्हणालो ते खोटं होतं. मला चोर म्हणा हवं तर!"

"अगोबाई!" कालिंदीबाई म्हणाल्या. "मास्तर ना तुम्ही?"

"मेहुणा फितूर!" विनायकराव गरजले.

"दोघेही बसा खाली," प्रेमलता म्हणाली. तिनं पिशवीतून एक पोस्टकार्ड काढलं. "मी त्याच दिवशी पुण्याला लिहिलं होतं. काल उत्तर आलंय. वाचते."

ती वाचू लागली : "'सप्रेम नमस्कार. आपल्या वाचनालयाची मागणी आठही भागांची होती, सात पाठवले. आपण यादीत आधीच आठ लिहून ठेवले असावेत. आठवा भाग अद्याप लिहिला गेलेला नाही. लेखकमहाशयांना शेवट सुचत नाही. चार वर्षं अडून बसले आहेत. आपल्याकडे कुणाला काही सुचत असल्यास कृपया कळवावे.'"

शरच्चंद्र चष्मा पुसायला लागले. दिगंबरपंतांना अचानक छताच्या तुळया मोजाव्याशा वाटल्या. विनायकराव म्हणाले, "मला पहिल्यापासून हाच संशय होता," पण ते इतकं हळू, की पहिल्यांदाच त्यांचा शब्द शेजारच्यालाही ऐकू गेला नाही.

सरलाबाई उठल्या. त्यांनी टेबलावरचा जुडगा उचलला, दाराशी गेल्या आणि आतून कुलूप लावलं. मग कपाटातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढून एकेकापुढे एकेक कागद ठेवत गेल्या. मनोहरपुढे मात्र ठेवला नाही.

"लिहा," त्या म्हणाल्या. "ज्यानं जो शेवट वाचला तो त्यानं लिहायचा. बिचारे लेखक चार वर्षं वाट बघतायत."

"सरलाबाई, माझी साडेसहाची ट्राम..." दिगंबरपंत म्हणाले.

"राक्षस बाप कसा निघतो तेवढं लिहा, मग सोडते. आणि सविस्तर लिहा हं. चुका मी काढणार आहे."

जुडगा कमरेला खोचून त्या मनोहरकडे वळल्या. "मास्तर, चला, आपण दोघं चहा टाकू. ह्यांना वेळ लागेल."