वामनभाऊ आणि न फेकलेल्या वस्तू

वामनभाऊंच्या सोफ्यावर ‘नाजूक माल, आपटू नये’ असं लिहिलेलं आहे. शेजारी एक बाण आणि ‘ही बाजू वर’ अशी सूचनाही आहे. बाण मात्र जमिनीकडे रोखलेला. पहिल्यांदा येणारा पाहुणा आधी सोफा वाचतो आणि मग बसायचं की नाही ते ठरवतो.

सोफा संत्र्याच्या पेट्यांचा आहे. वामनभाऊंच्या मेहुण्याची शेंदूरजनाघाटला बाग. दर हंगामात तो पेट्या भरून संत्री पाठवायचा. वामनभाऊ संत्री गल्लीत वाटून टाकायचे आणि पेट्या ठेवून घ्यायचे. त्यातून सोफा झाला, चपलांचा स्टँड झाला, देवघरही झालं. “लोकायले सासरहून गाड्या भेटल्या,” ते सांगतात, “मले फळ्या भेटल्या. गाड्या भंगारात गेल्या, फळ्या हायेतच.”

अमरावतीत आमची भिंतीला भिंत. ते पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून, मी शाळामास्तर. माझ्या घरातून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू त्यांच्या नजरेखालून जाते. बायकोने मोडकी छत्री टाकून दिली, तर आठवड्याभरात ती त्यांच्या गच्चीवर उलटी टांगलेली. तिच्या तारांवर रुमाल आणि मोजे वाळत होते. मी नवी बादली घेऊन येताना दिसलो की फाटकातूनच हाक यायची, “मास्तर, इकत कायले आनली?” ‘विकत’ हा शब्द ते शिवीसारखा उच्चारतात. आणि फेकायला निघालेल्या कुठल्याही वस्तूला त्यांचं एकच प्रशस्तिपत्र: “राहू द्या. कामी येते.”

सुमनवहिनींनी हा संसार हसत केला. “ह्यायचं चाललं असतं,” त्या एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, “तं लग्नातला बँडबी ह्यायनं घरीच बनवला असता.”

आमच्याकडे होळी झाली की घरोघरी माळ्यावरून कूलर उतरतात. धूळ झटकायची, नवं गवत भरायचं, पंपाच्या नावाने खडे फोडायचे. वामनभाऊंचा कूलर अर्थातच घरचा. गंजक्या कपाटाचा सांगाडा, त्यात जुना टेबलफॅन आणि खाली नळाच्या पाइपांचा भक्कम स्टँड. हवा झकास यायची, पण हवेबरोबर पाणीही यायचं. समोर बसणाऱ्याला वहिनी आधी टॉवेल द्यायच्या, मग चहा.

गेल्या उन्हाळ्यात त्याच पाण्यावरून वहिनींचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन अकोल्याला झालं, कारण मुलगी रेखा तिथं असते. वहिनी वॉकर धरून चालू लागल्या, तरी रेखाने त्यांना ठेवूनच घेतलं. “बाबा, तुम्हीही इथंच या. त्या कबाडखान्यात आईला मी परत पाठवणार नाही,” ती म्हणाली. पण वहिनींचा जीव इकडे. फोनवर रोज एकच प्रश्न, “अवो, माह्या ओट्यावर कसं रांधून राहिले? तेल सांडून नका ठेवू.” शेवटी एवढं कबूल झालं की दिवाळीआधी एका रविवारी रेखा आईला घेऊन येईल आणि घर पाहील. पटलं तर आईला ठेवील, नाही तर त्याच गाडीतून परत नेईल.

मी म्हटलं, “भाऊ, आता हट्ट पुरे. बाजारात आधाराला धरायचे स्टीलचे दांडे मिळतात, भिंतीला लावून घ्या.” आणि वामनभाऊ खरोखरच बाजारात गेले! हात हलवत परत आले. “चांगले हायेत. पन बसवनारा म्हने, सारे दांडे एकाच उंचीवर लावतो. थे बजाराची उंची झाली. सुमनची नाई.”

मग ठोकाठोक सुरू झाली. उंबऱ्याला उतार आला. प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून संडासाची सोय झाली. ती तपासायला अर्थातच मला बोलावणं. “बसून पाहा, मास्तर. डुगडुगते का सांगा.” मी संकोचलो. “अवो, कपडे घालूनच बसा ना बाप्पा!” मी बसलो. खुर्ची उत्तम होती, हे मला मान्य करावं लागलं.

कूलर कुठं दिसेना. विचारलं, तर म्हणाले, “खोलला.” आणि हातोडा उचलला.

मीही मदत म्हणून एक सूचना केली. त्यांच्या मधल्या खोलीच्या भिंतीवर, स्वयंपाकघराच्या चौकटीवर आणि न्हाणीच्या कोपऱ्यावर तेलकट काळे डाग होते. म्हटलं, रेखा येतेय, एक हात रंगाचा मारा. वामनभाऊ एकदम तडकले. “त्या डागायले हात नाई लावायचा. कामी येतात थे.” डागसुद्धा जपून ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. घरी येऊन बायकोला सांगून पोटभर हसलो.

शनिवारी दुपारी त्यांच्याकडे डोकावलो. वामनभाऊ गुडघ्यात वाकून, एका पायाला वहिनींचं जुनं लुगडं घट्ट गुंडाळून, भिंत धरून लंगडत चालले होते. माणूस सहा फुटी, त्यामुळे ते दृश्य फार भयंकर होतं.

“भाऊ! हे काय करून राहिले?”

“चूप. सुमन होऊन पाहून राहिलो.”

तेव्हा मला दांडे दिसले. कूलरच्या स्टँडचे पाइप कापून, घासून, वर दोरी गुंडाळून त्यांनी ते भिंतीत बसवले होते. एक जरा वर, एक खाली, एक तिरपा. आणि प्रत्येक दांडा बरोबर त्या काळ्या डागावर. इतकी वर्षं चालता-वळता, उठता-बसता वहिनी जिथं हात टेकत आल्या, तिथंच ते डाग पडले होते. मी त्यांच्या पायाचं लुगडं सोडायला खाली बसलो.

रविवारी गाडी आली. रेखा ओठ घट्ट मिटून आत शिरली. तिने सोफा पाहिला, बाण पाहिला, सुस्कारा सोडला. मागून वहिनी आल्या. मधल्या खोलीत आल्यावर त्यांनी जुन्या सवयीने वॉकर बाजूला सारला. रेखा “आई!” म्हणून ओरडली, पण वहिनींचा हात न पाहता भिंतीकडे गेला आणि दांड्यावर पडला. तिथून चौकटीवर, तिथून ओट्याशी. एकदाही त्यांनी दांडा शोधला नाही. ओटा हाताने पुसून पाहिला आणि म्हणाल्या, “सांडलंच हाय तेल.”

मग हात पुन्हा चौकटीवर गेला, तशा थबकल्या.

“अवो, हा दांडा अदुगरपासूनच होता ना?”

वामनभाऊ सोफ्याचा एक पक्का बसलेला खिळा पुन्हा ठोकत होते. मान वर न करता म्हणाले, “हो. होताच.”

रेखा बाहेर गेली आणि गाडीतून आईची बॅग घेऊन आली.