चार तबकड्यांची वाटणी

पिंपळगाव राजाच्या वामनरावांनी ऑनररी मॅजिस्ट्रेट व्हायचे मनावर घेतले आणि घराण्याची तोवर झाकून ठेवलेली अब्रू आमराईत जाऊन वाजली.

बुलढाण्याच्या डिप्टी कमिशनरचा तंबू त्या हिवाळ्यात गावच्या आमराईत पडणार होता. मॅजिस्ट्रेटची खुर्ची त्याच्या शिफारशीवर. वामनरावांनी साहेबाच्या खानसाम्याला कोंबडी पोचवली (स्वतः माळकरी, म्हणून तिला ते 'भाजी' म्हणत) आणि साहेबाची आवड काढून घेतली. साहेबाला म्हणे चार फिडलींचा बाजा आवडतो. गाणारा नाही, तबला नाही, चौघे समोरासमोर बसून वाजवतात. त्यातही जुना नको; ह्याच शतकातला, नव्या चालीचा, जो खुद्द मडमेलाही सोसत नाही असा.

वामनरावांनी मुंबईहून ग्रामोफोनच्या तबकड्या मागवल्या. जाड पुठ्ठ्याच्या पेटीत चार निघाल्या. वर चित्र : चार गोरे, हनुवटीखाली अन् गुडघ्यांत फिडली धरून, एकमेकांकडे डोळे वटारून बसलेले.

"यायची वाटणी झालेली दिसते," वामनराव म्हणाले. "चार वाजवणारे, चार तबकड्या. ज्याची त्याची अलग. चारी संगं लावा लागतीन."

त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी तोवर एक लावून पाहिली होती. "अवो, या एकीतच चौघं भांडून राह्यले! ऐका तं खरं."

"तुले वाटणीतलं काय समजते?"

वाटणीतले वामनरावांनाच समजत होते. तीन चुलतभावांशी वाटणी झाली तेव्हा विहिरीचे पाणी, बांधावरचा आंबा, फार काय, देवघरातले देवही चार घरी गेले होते. पुढे एकाने ग्रामोफोन आणला, तर बाकीच्या तिघांनी जळून आणला. म्हणजे भोंगे चार होतेच. बोलणे तेवढे बंद होते.

खुर्चीसाठी वामनराव तिन्ही दारी गेले. दोघांनी मशीन दिले, तोंड दाखवले नाही. तिसरे भगवानराव दारातच आडवे झाले.

"मशीन माही, तं चावी बी मीच भरीन. तुह्या हाती नाही देत, वामन्या!"

ठरल्या संध्याकाळी साहेब वेताच्या खुर्चीत बसला. एका भोंग्याशी वामनराव, एकाशी भगवानराव आणि उरलेल्या दोहोंच्या मधे वामनरावांचा सालदार कडूबा, दोन हातांत दोन सुया घेऊन. वामनरावांनी "हं!" म्हटले आणि चारी सुया टेकल्या.

काय सांगू! आमराईतले पोपट उठले ते थेट वडनेर भोलजीला जाऊन टेकले. साहेबाच्या घोड्याने दावे तोडले. कडूबा डोळे मिटून मारुतीचे नाव घेऊ लागला. साहेबाच्या कपाळाला आधी आठी पडली. मग तो पुढे वाकला आणि त्याची मान हळूहळू हलू लागली. वामनरावांना डोळ्यांसमोर कोर्ट दिसले, पट्टेवाला दिसला.

इतक्यात भगवानरावांनी आपली सुई उचलली. "बस!" ते गरजले. कडूबाने घाबरून दोन्ही हात वर केले. एकटी वामनरावांची तबकडी फिरत राहिली आणि त्या एकीतून चारी फिडली स्वच्छ ऐकू येऊ लागल्या.

साहेबाने वामनरावांकडे नीट पाहिले. "वन बाय वन, वामनराव," तो शांतपणे म्हणाला. झाडाआड मनकर्णाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

पुढच्या महिन्यात हुकूम आला. ऑनररी मॅजिस्ट्रेट : भगवानराव. चौघे एकदम ओरडत असता त्यांना गप्प करण्याची अक्कल गावात एकालाच आहे, असा साहेबाचा शेरा होता.

वामनराव हार घेऊन कोर्टात गेले (न जाते तर गाव म्हणाले असते, जळतो). हार घालता घालता त्यांनी हळूच विचारले, "खरं सांग भगवान, तुले कसं समजलं का तबकड्या एकेक करून लावा लागतात?"

"मले काय समजते बे!" भगवानराव म्हणाले. "साहेबाची मान हालून राह्यली होती. मले वाटलं, आता तुलेच भेटते खुर्ची. ते पाहवलं नाही, म्हणून उचलली सुई."

वामनराव बसायला जागा शोधू लागले.

"बाहीर बाकडं हाय," नवे मॅजिस्ट्रेट म्हणाले. "कोर्टात खुर्ची एकच असते."