पुढच्या डब्याचा भाव

फैजपूरच्या जीवराम पाटलाने आयुष्यात कुठलीही वस्तू पहिल्या भावाला घेतली नव्हती, आणि विमानाचं तिकीटही तो तसं घेणार नव्हता. हे त्याने गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं होतं.

जीवराम केळीचा व्यापारी. त्याची पद्धत साधी होती. शेतकऱ्याचे घड कापून झाले, ट्रक बांधाला लागला, की भाव ऐकून घ्यायचा, तोंड वाकडं करायचं आणि चहा प्यायला निघून जायचं. कापलेला घड परत झाडाला लावता येत नाही. दिवस कलला की शेतकरीच माणूस पाठवून त्याला बोलावून घ्यायचा, आणि मग भाव जीवराम सांगायचा. या चहावर त्याने दुमजली घर बांधलं. शेतकरी त्याच्यामागे त्याला काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शहाण्णव साली त्याची लेक प्रमिला लंडनला बाळंत होणार होती. तिने फोनवर एकच मागणं मागितलं, की बाळ पहिल्यांदा बाबांच्याच मांडीवर द्यायचं. मूल ज्याच्या मांडीवर पहिल्यांदा जातं त्याचे गुण घेतं, अशी त्यांच्या घरात पक्की समजूत होती. जीवरामला इतकं भरून आलं, की फोन ठेवल्यावरही तो बराच वेळ "हो, हो" करत होता. आपलं नातवंड आपल्यासारखं निघणार आणि भर लंडनात गोऱ्यांना घाम फोडणार, या विचाराने त्याला दोन घास जास्त जाऊ लागले.

केळीची कापणी जोरात होती, म्हणून अगदी दिवस भरत आल्यावरच निघायचं ठरलं. सोबतीला व्याही होते. धुळ्याच्या देवपुरातले निवृत्त हेडमास्तर देवचंद नाना आणि त्यांची बायको केसरबाई. नानांचा सगळा कारभार आधीपासून आखलेला. जीवरामला ते मनातून भित्रे वाटत.

जळगावात नव्या पेठेत मोतीलाल विमानाची तिकिटं काढून द्यायचा. विमानात मागे साध्या खुर्च्या असतात आणि पुढे पाय ताणून झोपता येईल अशा गुबगुबीत, हे त्याने समजावलं. जीवरामने पुढच्या भागाला तिथल्या तिथे 'पुढचा डबा' असं नाव दिलं आणि भाव विचारला. भाव ऐकून त्याचा आ वासलेलाच राहिला. तेवढ्या पैशांत चालू स्थितीतला जुना ट्रॅक्टर दारात उभा राहिला असता!

"हा सवलतीचा भाव आहे, जीवरामभाऊ," मोतीलाल म्हणाला. "दोन-तीन महिने आधी काढलं तर मिळतो. दिवस जवळ आले की चढतो."

जीवरामने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "इमान उडाल्यावर रिकाम्या खुर्चीचं ते काय करतीन?"

"काय करणार? रिकामी जाते."

"मंग कापेल घडात अन् त्या खुर्चीत काय फरक र्‍हायला?"

मोतीलालकडे याला उत्तर होतं, पण तोवर जीवराम चहाला निघून गेला होता.

सोबत आलेल्या नानांनी त्याच दिवशी मागच्या दोन खुर्च्या पक्क्या केल्या. जीवरामची बायको शेवंताबाई हिने तिसरी मागितली. नवऱ्याने तिला परोपरीने समजावलं, की विमान सुटायच्या तासभर आधी पुढचा डबा मातीमोल भावात मिळणार आहे, घाई कशाला? ती म्हणाली, "मले पोरीकडे जायाचं शे, बाजारात नाही." तिच्या तोंडी धुळ्याकडचं 'शे' आलं की विषय संपला असं समजायचं, कारण तिचं माहेर तिकडचं होतं आणि माहेरचं कुणी हार मानत नसे. तिचं तिकीट मागच्या डब्यात निघालं. जीवराम मग मुद्दाम देवपूरला गेला आणि नानांच्या ओट्यावर बसून सांगून आला, की विमानात मी अधूनमधून मागे येऊन तुमची विचारपूस करत जाईन.

निघायला महिना उरला तेव्हा मोतीलालचा फोन आला, सवलत संपली, भाव चढला. जीवराम हादरला. पण भाव उतरवण्याआधी प्रत्येक विकणारा एकदा तो ताणून पाहतोच, हे आठवून सावरला. कंपनी घाबरलेली दिसते, असं त्याने शेवंताबाईला सांगितलं. शेवंताबाई बाळंतविड्याचे डिंकाचे लाडू वळत होती, तिने पुढचा लाडू वळायला घेतला.

मुंबईच्या विमानतळावर चौघे वेळेच्या खूप आधी पोचले. तिघे मागच्या डब्याच्या रांगेत लागले आणि जीवराम तिकिटाच्या खिडकीशी गेला. खिडकीतली पोरगी मराठी होती, हा त्याला शुभशकुन वाटला. पुढच्या डब्यात सहा जागा शिल्लक आहेत, असं ती म्हणाली. भाव मोतीलालच्या चढलेल्या भावाहूनही वर होता. पण सहा घड अजून विकले गेलेले नाहीत, हे जीवरामच्या कानात पक्कं बसलं. त्याने तोंड वाकडं केलं आणि तो चहा प्यायला गेला.

तो मुद्दाम तिला दिसेल अशा बाकावर बसला. फुंकर मारत चहा प्यायला. दुसरा प्यायला. पोरगी त्याला बोलवायला माणूस पाठवेना. फैजपुरात एव्हाना दोन माणसं येऊन गेली असती. शेवटी खिडकी बंद व्हायची वेळ आली, तेव्हा तो स्वतःच उठला आणि मोठ्या उदारपणे म्हणाला, "निम्म्या भावात देऊन टाका."

"जागा नाहीत, काका."

"सहा होत्या की!"

"मागची तिकिटं जागांपेक्षा जास्त विकली गेली होती, प्रवासी जास्त झाले. त्यातल्या सहा जणांना पुढे बसवलं."

जीवराम खिडकीत वाकला. "कितीले?"

"फुकट," पोरगी म्हणाली.

जीवरामच्या सबंध धंद्यात हा शब्द कधी आला नव्हता. कापलेला घड स्वस्तात जातो हे त्याला ठाऊक होतं, पण तो आधीच पैसे देऊन बसलेल्या गिऱ्हाईकाला जातो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग मागच्या मोकळ्या झालेल्या जागेतली एक तरी द्या, म्हणून त्याने हात जोडले. त्या जागाही तिकीट असलेल्यांनाच पुरल्या होत्या.

वळून पाहतो तो पलीकडून शेवंताबाई, नाना आणि केसरबाई नवीन पास हातात घेऊन येत होते. तिघांनाही पुढचा डबा मिळाला होता! नाना बिचारे ओशाळले होते. शेवंताबाईचा चेहरा मात्र उतरला. ती एकटी कधी भुसावळलाही गेली नव्हती. "तुमच्याबिगर मी कशी जाऊ?" ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जीवरामच्याही आलं. पण लेक तिकडे वाट पाहत होती. तो म्हणाला, जा, मी येतोच. ती वळून वळून पाहत गेली, आणि तो रिकाम्या हातांनी उभा राहिला.

मागचा डबा आठवडाभर भरलेला होता. पुढचा परवाचा मिळत होता. जीवरामने पहिल्यांदाच सांगितला तो भाव मुकाट्याने दिला. त्या गुबगुबीत खुर्चीत त्याला डोळा लागला नाही. शेजारी मागच्या डब्यातून फुकटात उचलून आणलेला एक कॉलेजचा मुलगा घोरत होता. हवाई सुंदरीने फळांची टोपली पुढे केली, त्यात केळंच निघालं, तेही डागाळलेलं. जीवरामने तोंड खिडकीकडे फिरवलं.

लंडनच्या दवाखान्यात तो धावतच शिरला. बाळ आदल्या दिवशीच झालं होतं. मुलगी होती. प्रमिला पांढऱ्या चादरीत हसत पडली होती. "खूप वाट पाहिली हो बाबा," एवढंच ती म्हणाली, आणि जीवरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाळ पहिल्यांदा कुणाच्या मांडीवर गेलं, हे विचारायला त्याची जीभ वळेना. नानांच्याच गेलं असणार. आता नात पहाटे उठून आखणी करणार.

शेवंताबाईने पदर सारखा केला आणि झोपलेलं बाळ त्याच्या हातात दिलं.

"माह्या मांडीवर दिलं होतं पहिल्यांदा," ती हळूच म्हणाली. "माह्यावर जाईन पोरगी. तिकीट वेळेवर काढीन."

जीवरामने बाळाचं दुपटं नीट केलं. मग त्याने जावयाला बाजूला घेतलं आणि परतीची तिकिटं कुठे मिळतात ते विचारलं. परतायला अजून दोन महिने होते.