म्हातारीचं पाणी तोडा

नोएमीने छातीठोकपणे सांगून टाकलं होतं: रविवारी दुपारी चारला म्हातारीचा कायमचा निकाल लागेल, आणि तोही कुणाचा आवाज न चढता!

ही म्हातारी कोण, ते आधी सांगायला हवं. कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरूनच झाला. ‘गाळ’ नावाच्या चित्रपटमालिकेतलं ते भयंकर प्रकरण. अवकाशस्थानकाच्या नळांतून सरपटत येणारं, कमरेत वाकलेलं, खोकणारं. सहा भागांत तिला जाळलं, गोठवलं, सूर्यावर फेकलं. तरी शेवटी कुठला तरी नळ ठिबकायचाच! आता सातवा भाग येणार अशी बातमी होती, आणि त्यात तिला मारायचं की ठेवायचं, यावरून अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरातल्या तिच्या भक्तांत उभी फूट पडली होती.

भक्त म्हणजे तरी कोण? नोएमीच्या वडिलांनी, आन्सेल्मोंनी, जमवलेला रविवारचा कट्टा. त्यातले दोघे अजून यायचे. इबान्येस, निवृत्त पोस्टमास्तर. आणि लाउतारो, दातांचा डॉक्टर. आन्सेल्मो उन्हाळ्यात गेले. चौथ्या मजल्यावरचं त्यांचं घर तेव्हापासून बंदच असायचं. नोएमीचा भाऊ म्हणत होता, विकून टाकू, तिथे आता असतं कोण? “रविवारी असतात,” एवढंच नोएमी म्हणायची. कट्टा मोडला असता, तर हे उत्तरही संपलं असतं.

एक गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नव्हती. सहापैकी एकही भाग तिने धड पाहिलेला नव्हता! लहानपणापासून ती वडिलांच्या खुर्चीमागे डोळे मिटून बसायची, आणि ते हळूच सांगायचे, “झालं. गेली. उघड डोळे.”

तर शनिवारी भांडी घासता घासता तिने ओल्या हाताने फोनवर निरोप बोलून टाकला. “हे बघा, उद्या चारला म्हातारीचं उरकूनच टाकू. इबान्येस म्हणतात जाळा. लाउतारो म्हणतो जिवंत ठेवा, पण दात पाडून. बाबा म्हणायचे, आधी तिचं पाणी तोडा, आपोआप वाळेल. मला तेच पटतं. येताना गोड पाव आणा!”

आन्सेल्मोंनी कट्ट्याच्या फोनवरच्या गटाला नाव दिलं होतं ‘गळती’. इमारतीच्या गटाचं नावही ‘गळती’च होतं, कारण आन्सेल्मोंच्या न्हाणीघरातलं पाणी खालच्या मजल्यावर, दोन्या एदुविखेस या विधवा बाईंच्या डोक्यावर ठिबकत होतं. तक्रारींना कंटाळून नोएमीने त्या गटाचा आवाजच बंद करून ठेवला होता. त्यामुळे निरोप कुठल्या गळतीत गेला, ते तिला कळलं नाही. प्लंबर रविवारी चारला सगळ्या इमारतीचं पाणी बंद करणार, ही सूचनाही तिने वाचली नव्हती.

रविवारी खिडक्यांच्या झडपा खाली ओढून मंडळी बसली. आन्सेल्मोंची खुर्ची नेहमीसारखी रिकामी. पडद्यावर सहावा भाग, पुरावा म्हणून. माते नावाच्या कडू चहाचा, नळीने ओढायचा एकच तुंबा हातोहात फिरत होता.

“जाळा तिला! राख करा!” इबान्येस गरजले.

“अहो, दुसऱ्या भागात जाळलीच होती. राख नळात गेली आणि तिथून परत आली! तुम्ही झोपला होतात का?”

“दात उपटणाऱ्याने मला सिनेमा शिकवू नये.”

“आणि तिकिटं चिकटवणाऱ्याने मला!”

“भांडू नका ना,” नोएमी म्हणाली. “बाबा असते तर...”

“आन्सेल्मो असता तर म्हातारीला केव्हाच मारलं असतं,” इबान्येस म्हणाले. त्यांनी शेवटचा घोट ओढला, तुंबा नोएमीच्या हातात दिला आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, “धन्यवाद.”

तुंबा परत देताना जो धन्यवाद म्हणतो, त्याला पुन्हा भरून देत नाहीत. तो उठला, असा त्याचा अर्थ. या खोलीत केटली संपण्याआधी तो शब्द आजवर कुणी उच्चारला नव्हता. इबान्येसनी कोट उचलला. कट्टा मोडला, म्हणजे घर गेलंच!

तेवढ्यात न्हाणीघरात काहीतरी घुरघुरलं.

“सिनेमातलं आहे,” लाउतारो म्हणाला.

नोएमीने सिनेमा थांबवला. घुरघुर थांबली नाही. नळ फुसफुसला, घसा खाकरावा तसा खाकरला, आणि गप्प झाला.

मग जिन्यात खोकला ऐकू आला. संथ. ओला. मग ठक्. मग पाय ओढल्याचा आवाज. पुन्हा ठक्.

“पोरी,” इबान्येस कुजबुजले, “दार लावलंय ना?”

दारावर लोखंड आपटलं. “पाणी तोडलंत! पण मी मेले नाही अजून!”

मालिकेचे दोन जाणकार! एक कोट डोक्यावर घेऊन टेबलाखाली शिरला, दुसऱ्याने खिडकीच्या पडद्यामागे उभं राहून केटली छातीशी धरली. नोएमीचे डोळे आपोआप मिटले. ती वाट पाहत राहिली. नेहमीचा तो आवाज आला नाही. मग ती तशीच, मिटल्या डोळ्यांनी, भिंत चाचपत दारापर्यंत गेली, कडी काढली आणि स्वतःच पुटपुटली, “झालं. उघड डोळे.”

समोर साबणाच्या पांढऱ्याशुभ्र फेसाने माखलेलं डोकं होतं! त्याखाली दोन्या एदुविखेस, अंगात घरचा झगा, एका हातात काठी, दुसऱ्यात तवा.

“कोण जाळणार मला? ये पुढे!”

टेबलाखालचा कोट आणखी आत सरकला.

“आणि दात कोण पाडणार?”

“मी... मी फक्त दुरुस्त करतो,” पडदा म्हणाला.

“माझे पाडायला उरलेत कुठे, मेल्या!”

त्यांनी फोन काढून निरोप वाजवला. नोएमीचा स्वतःचा गोड आवाज खोलीभर पसरला, अगदी गोड पावांपर्यंत. तिला जमीन दुभंगून तिसऱ्या मजल्यावर पडावंसं वाटलं. पण तिथेही बाईंचंच घर होतं.

तिने सगळं समजावून सांगितलं. बाईंनी भुवया ताणल्या. “म्हणजे ती दुसरी म्हातारी?”

“हो.”

“वाकलेली, खोकणारी, आणि मरत नाही?”

“हो.”

“मग तुम्हाला काय त्रास आहे तिचा? राहू दे की!” असं म्हणून बाई सरळ आन्सेल्मोंच्या खुर्चीत बसल्या.

तिघंही एकदम खुर्चीकडे वळले.

“काय झालं? हीसुद्धा गळते का?”

“नाही,” नोएमी म्हणाली. “बसा तुम्ही.”

तिने तुंबा भरून दिला. बाईंनी सुरसुर आवाज येईपर्यंत ओढला. सगळे त्यांच्या ओठांकडे पाहत होते. बाईंनी तुंबा परत केला, पण ‘धन्यवाद’ काही म्हणाल्या नाहीत.

नोएमीने तो पुन्हा भरला. इबान्येस कोट खुंटीवर अडकवून हात पुढे करत आले. “मी ते मघाशी... आपलं सभ्यपणे म्हटलं होतं.”

“पुढच्या रविवारी पहिल्या भागापासून लावा,” बाई म्हणाल्या. “मला माझी बाजू नीट कळली पाहिजे.”

तेवढ्यात त्यांच्या मांडीवरचा फोन वाजला. त्यांनी वाचलं आणि फोन नोएमीपुढे धरला. इमारतीच्या गटात दुसऱ्या मजल्यावरून आलं होतं: “म्हातारीचं उरकलं असेल तर आता पाणी सोडा. केटलीत थेंब नाही!”

त्याखाली सगळ्या मजल्यांचे होकाराचे अंगठे होते.