भिंतीवरचे काका

"तुम्ही नुसतं वर्णन सांगा, चेहरा मी काढते," असं चिमणीने सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. चिमणी आपली नावाची. एरवी दाराच्या चौकटीला तिचं डोकं लागायचं. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळे आपण जन्मलोच ब्रश हातात धरून, अशी तिची समजूत होती.

बर्फाच्या कारखान्याची समुद्राकडची लांबलचक भिंत तिला आणि तिच्या चार मित्रमैत्रिणींना रंगवायला मिळाली. चित्रात सगळी वस्ती घ्यायची असं ठरलं. न्हाव्याने डोक्यावर जास्तीचे केस मागून घेतले, शिंपिणीने आपल्या दोन हनुवट्यांपैकी एक खोडायला लावली. काम झकास चाललं होतं.

मग जाळी विणणारी मावशी आली. तिचा नवरा अकरा वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला तो परतलाच नव्हता. त्याचा एकुलता एक फोटो घरात शिरलेल्या भरतीच्या पाण्याने नेला होता.

"आमच्यांनाही बसवशील का गं एखाद्या होडीत?" तिने विचारलं.

त्यात काय, चिमणी म्हणाली, उद्या संध्याकाळी बघायलाच या.

मावशीला आणखी त्रास नको म्हणून तिने चौकशी इतरांकडे केली आणि तिथेच घोटाळा झाला. नावाडी म्हणाला, मिशा झुपकेदार. न्हावी शपथेवर सांगू लागला की मिशा नव्हत्याच, दाढी मीच करायचो. शिंपिणीला नाक बाकदार आठवत होतं, तिच्या नवऱ्याला नकटं. सगळ्यांची मनं राखता राखता काकांचं नाक तीनदा बदललं, मिशा चारदा आल्या नि गेल्या. दुसऱ्या संध्याकाळी होडीत जो गृहस्थ अवतरला, तो हुबेहूब कारखान्याचा पहारेकरी होता. तो तर जिवंत, दहा पावलांवर स्टुलावर बसलेला. पोरं हसून हसून लोळली. पहारेकऱ्याची बायको तणतणत आली, माझ्या धडधाकट माणसाला बुडालेल्याच्या जागी का बसवलंत म्हणून.

तेवढ्यात मावशी आली. ठेवणीतले कपडे घालून, केस नीट विंचरून. हसणं जागीच थांबलं. ती भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. चिमणी चाचरत म्हणाली, चुकलं माझं, तुम्हीच सांगा, कसे दिसायचे काका?

मावशीने मान हलवली.

"तेच बघायला आले होते गं. मलाही आता चेहरा नीट आठवत नाही."

पहारेकऱ्याची बायकोच पुढे झाली आणि तिने मावशीचा हात हातात घेतला. मग मावशी हळूहळू सांगू लागली. पाठ मात्र आठवते, रोज पहाटे दारातून पाठच तर बघत होते. डावा खांदा जरा पडलेला, मान एका बाजूला, चालताना उजवा हात स्थिर.

चिमणीने तो चेहरा पुसून टाकला आणि मावशी सांगेल तशी पाठ काढली. एकाही रेषेवर वाद झाला नाही. लांबून बघणारा नावाडी उठून उभा राहिला. हाच, तो म्हणाला. न्हाव्यानेही मान डोलावली.

उद्घाटनाला कारखान्याचे मोठे साहेब आले. त्यांनी तरुणाईचं तोंडभरून कौतुक केलं, आणि जाता जाता सुचवलं, की तो होडीतला एक माणूस चुकून पाठमोरा झालाय, तेवढा इकडे वळवून घ्या.

चिमणीने मान खाली घातली. बोलली ती मावशी.

"राहू द्या साहेब. मी इतकी वर्षं हाका मारतेय, ते काही वळत नाहीत."