लाडीची नळी

एका जंगलात तरसांची टोळी राहत होती. बाळांनो, घास गालात धरून बसू नका. चावत चावत ऐका.

या टोळीत एक रीत होती. पिल्लू मोठं झालं की त्याने सगळ्यांसमोर सांबराची नळी, म्हणजे पायाचं हाड, दातांनी फोडून दाखवायचं. फुटलं तर शिकारीत वाटा. नाही फुटलं तर ओढ्यापलीकडे जाऊन एकट्याने राहायचं.

ठकूबाई तरशिणीची लाडी ही एकुलती एक लेक. लाडीला नुसता ठसका लागला तरी ठकूबाईचा जीव वरखाली व्हायचा. त्यात कोल्ह्याने वाटलेल्या मांसाचं दुकान काढलं. पळसाच्या पानावर मऊ गोळा, चावायची भानगडच नाही. मायलेकी रोज तेच चाटू लागल्या.

लाडी वाढली, जबडा मात्र वाढायचा राहिला. त्याला कामच नव्हतं, तो वाढेल कशाला? दात सगळे आले, पण जागा पुरेना, म्हणून एकमेकांच्या खांद्यावर चढून बसले. शेजारणी म्हणायच्या, काय चिमणं तोंड आहे! ठकूबाई सुखावायची आणि जावेच्या रांगड्याकडे बघून नाक मुरडायची. ते कार्टं दिवसभर कातडी नाहीतर हाडं चघळायचं. त्याचा जबडा उखळासारखा रुंद झाला होता.

नळीचा दिवस आला. लाडीने जोर लावला. नळीवर ओरखडाही उठला नाही, लाडीचा दात मात्र हलला. लेक ओढ्यापलीकडे जाणार, आणि तिला घालवणाऱ्या आपणच, हे ठकूबाईला तिथल्या तिथे कळलं.

पण पुढचं पिल्लूही हरलं. त्याच्या पुढचंही. कोल्ह्याचं दुकान सगळ्यांच्याच वाटेवर होतं. एकट्या रांगड्याने नळी कडाडकन फोडली.

म्हातारा म्होरक्या, म्हणजे ठकूबाईचा सासरा, पेचात पडला. रीत पाळावी तर टोळीच रिकामी होणार. तेव्हा ठकूबाई पुढे झाली.

"केवढा हा आवाज, मामंजी. चांगल्या घरात असं खाणं शोभतं का?"

सगळ्या आयांनी माना डोलावल्या. रांगड्याची ओढ्यापलीकडे रवानगी झाली. जाऊही लेकामागून गेली.

उन्हाळ्यात शिकार आटली. कोल्ह्याने दुकान गुंडाळलं. उरली ती हाडं. लाडी ती चाटायची आणि रडायची. ठकूबाईने स्वतः फोडून बघितलं, पण गोळे चाटून चाटून तिचेही दात खिळखिळे झाले होते. शेवटी नळी तोंडात धरून, मान खाली घालून ती ओढा ओलांडून गेली.

"रांगड्या, एवढी फोडून दे रे बाबा. लाडी उपाशी आहे."

"देतो की, काकू. पण आवाज होईल. चालेल ना?"

"होऊ दे," ठकूबाई म्हणाली आणि लाजून मागे वळली. पाहते तो काय, सगळी टोळी नळ्या घेऊन रांगेत उभी होती. म्होरक्या सर्वांत पुढे होता.

तात्पर्य : बाळांनो, मऊच खात जा. जबडा कच्चा राहिला तरी काही बिघडत नाही; फक्त सगळ्यांचाच कच्चा राहील एवढं बघावं. एखादा पक्क्या जबड्याचा निघालाच, तर त्याला खुशाल हाकलून द्यावं. पण फार लांब नको.